पांढऱ्या कोटातला बँडमास्तर आणि त्याची ताई

बँडमास्तर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? माझ्या तरी वरातच येते. लाल कोट, खांद्यांवर सोनेरी झुपके, घामानं निथळणारा चेहरा आणि मागून ‘आणखी एक होऊन जाऊ दे’ म्हणून ओरडणारी नवऱ्यामुलाची मित्रमंडळी. त्या बिचाऱ्याकडे बघायला कुणाला वेळ असतो? सगळ्यांचं लक्ष घोड्यावर! पण आज मी तुम्हांला ज्या बँडमास्तराबद्दल सांगणार आहे, त्याला नुसतं बघायला लोक पैसे मोजून यायचे, आणि तो समोर असताना दुसरीकडे बघणं कुणाला जमत नसे. नाव कॅब कॅलोवे. अमेरिकेतला कृष्णवर्णीय कलावंत, जन्म १९०७ सालच्या ऐन नाताळातला. तो गायचा, नाचायचा आणि त्याच वेळी वाजवणाऱ्यांचा भलामोठा ताफा हातातल्या लांबलचक छडीनं हाकायचाही.

कशाला हवा हा परदेशी बँडमास्तर, असं तुमच्या मनात आलंच असेल. जॅझ म्हणजे बड्या हॉटेलातलं, क्लबातलं, आपलं नव्हे, अशी आपली एक समजूत असते. पण ‘अलबेला’ पाहिलेलं कुणी ना कुणी तुमच्याही घरात असेलच. १९५१ सालचा तो चित्रपट. संगीत सी. रामचंद्रांचं, म्हणजे आपल्या अण्णा चितळकरांचं, नाचणारे भगवानदादा, दोघेही मराठी. आणि त्यातल्या एका नाचात पडद्यावर जो वाद्यवृंद दिसतो, तो चिक चॉकलेट या टोपणनावाच्या गोवेकर ट्रंपेटवाल्याचा. ही गंमत इकडे पोचली कशी? १९३५ साली लिऑन ॲबी नावाचा कृष्णवर्णीय अमेरिकन वादक आपला ताफा घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागून आणखी काहीजण आले. त्यांचं ऐकून ऐकून गोव्याच्या तरुण वादकांनी हे संगीत उचललं, आणि पुढे हेच वादक हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत जाऊन बसले. तेव्हा आपल्या पायांना या ठेक्याची ओळख केव्हाच झालेली आहे. तो ठेका ज्या मुलखातून आला, तिथल्या एका माणसाची ही गोष्ट आहे.

खरं तर एका माणसाची नव्हे, दोघांची. पण ताईकडे मी मागाहून येते.

घर चांगलं शिकलेलं होतं. वडील वकील. आई कॉलेजात शिकलेली, शिक्षिका, शिवाय चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी. त्या काळच्या अमेरिकेत कृष्णवर्णीय माणसानं वकील होणं म्हणजे केवढं दिव्य असेल, याची नुसती कल्पना करा. अशा घरात मुलांनी नाचगाण्याच्या मंडळीत जाणं कुणाला रुचेल? आपल्याकडेही त्याच सुमाराला ‘नाटकात जातो’ म्हटल्यावर घरातून कसा उद्धार होत असे, ते आपण जुन्या नटांच्या आत्मचरित्रांतून वाचलेलं आहे. त्यातून वडील कॅबच्या लहानपणीच गेले. बाल्टिमोर शहरात वाढलेलं हे पोरगं वर्तमानपत्रं विकायचं, बुटांना पॉलिश करायचं, शर्यतीच्या मैदानावर दमलेल्या घोड्यांना फिरवून आणायचं. (घोड्यांच्या शर्यतीचा नाद लागला तो तिथेच, आणि तो जन्मभर सुटला नाही.) एकदा चर्चच्या पायऱ्यांवर फासे खेळताना आईनं पकडलं आणि रवानगी केली दूरच्या निवासी शाळेत. आईची एकच इच्छा होती: या मुलानं वडिलांसारखं वकील व्हावं. मात्र त्याच आईनं त्याला गाण्याची शिकवणीही लावली होती. आयांचं हे असंच असतं; गळा गोड आहे तर शिकू दे, पण पोट भरायला पदवीच हवी!

आता ताई. ब्लँच तिचं नाव. कॅबहून पाचएक वर्षांनी मोठी. तिनं कॉलेज अर्ध्यावर सोडलं आणि सरळ रंगभूमीचा रस्ता धरला. आईला ते मुळीच पसंत नव्हतं. पण पोरगी हट्टाची, आणि गुणांचीही. १९२५ साली तिच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या, तेव्हा मागे साथीला कॉर्नेट वाजवायला होता साक्षात लुई आर्मस्ट्राँग. ती गायची, नाचायची, हसत हसत प्रेक्षकांमध्ये मिसळून जायची. धाकटा भाऊ ताईला पाहून पार वेडावला. १९२७ साली ‘प्लँटेशन डेज’ नावाचा तिचा खेळ गावोगाव फिरत होता, तेव्हा त्यानं तिच्याच मागे लागून त्या मंडळीत शिरकाव करून घेतला. रंगमंचावर उभं कसं राहायचं, प्रेक्षकांच्या डोळ्याला डोळा कसा द्यायचा, गाणं अंगात कसं मुरवायचं, हे सारं तो तिच्याकडे बघत बघत शिकला. पुढे नाव झाल्यावरही त्यानं ही गोष्ट लपवली नाही. १९७६ साली आलेल्या आत्मचरित्रात ब्लँचचं श्रेय त्यानं ब्लँचच्या पदरात घातलेलं आहे.

दोघं शिकागोत आली. आईच्या समाधानासाठी कॅबनं कॉलेजात नाव घातलं खरं, पण दिवसा वर्गात पेंगायचं आणि रात्री क्लबात गायचं, असा तो अभ्यास. शिकागोतच लुई आर्मस्ट्राँगच्या सहवासात तो एक विद्या शिकला. ते लोक तिला स्कॅट म्हणतात. गाण्यातले शब्द बाजूला ठेवायचे आणि निरर्थक अक्षरांवर सूर खेळवायचे. आपल्याला हे नवं नाही. तराणा ऐकलेल्या बाईला हे समजावून सांगायची गरजच नाही. फरक इतकाच, की आपला तराणा बैठकीत मांडी घालून ऐकायचा आणि यांचा तराणा उभ्यानं, पाय नाचवत.

मग न्यूयॉर्क. तिथे सॅव्हॉय या नाचघरात बँडांच्या झुंजी लागत, आपल्याकडे गणेशोत्सवात भजनी मंडळांच्या स्पर्धा लागतात तशा. कॅबचा बँड तिथे हरला. पण जिंकलेल्या मिसुरियन्स या बँडच्या लोकांनी हेरून ठेवलं, की वाजवणारे आपण सरस असू, पण माणसं बघत होती ती त्या पोराकडे. पुढे त्यांनी त्यालाच आपला म्होरक्या केलं. हरलेल्या बाजूचा कप्तान जिंकलेल्यांनी उचलून न्यावा, असं तुम्ही कधी ऐकलंय का?

आणि अशा रीतीनं, वयाची पंचविशीसुद्धा गाठायच्या आत, तो येऊन पोचला कॉटन क्लबात.

या क्लबाबद्दल थोडं विस्तारानं सांगायला हवं. हार्लेम ही न्यूयॉर्कमधली कृष्णवर्णीयांची वस्ती. त्या वस्तीच्या मधोमध हा क्लब. दारूबंदीचे दिवस होते आणि मालक होता चोरट्या दारूच्या धंद्यातला एक नामचीन गुंड. रंगमंचावर गाणारे, वाजवणारे, नाचणारे, सारे कृष्णवर्णीय. समोर टेबलांवर बसलेले सगळे गोरे. कृष्णवर्णीय माणसाला गिऱ्हाईक म्हणून आत प्रवेश नाही! स्वतःच्या गल्लीतल्या क्लबात स्वतःच्या माणसांना मज्जाव. सजावट काय, तर दक्षिणेतल्या कापसाच्या मळ्यावरच्या धन्याच्या वाड्याची. नाव काय, तर कापूस. ज्या कापसापायी यांच्या आज्या-पणज्यांची उभी हयात गुलामगिरीत गेली, त्याच्याच चित्रापुढे उभं राहून यांनी गोऱ्या पाहुण्यांचं मन रमवायचं. नाचणाऱ्या मुलींची निवड होई तीसुद्धा उंच आणि उजळ वर्णाच्या बघून. ‘उजळ वर्णाची’ हे शब्द आपण वधूवरांच्या जाहिरातींत किती सहज वाचतो, नाही? मला ही माहिती वाचताना आपल्या त्या जाहिरातीच आठवल्या.

तिथे आधी थोर संगीतकार ड्यूक एलिंग्टनचा बँड असे. तो दौऱ्यावर जाऊ लागला तेव्हा त्याच्या जागी या पोरसवदा कॅबला उभं केलं. एलिंग्टन मोठा रचनाकार, शांत, भारदस्त. हा म्हणजे अगदी उलट. पांढराशुभ्र टेलकोट, मागे शेपटीसारखी दोन लांब टोकं. सरळ, काळेभोर केस, जे पहिल्या पाच मिनिटांत कपाळावर येऊन झिंज्या व्हायचे. आणि हसू असं, की शेवटच्या टेबलावर बसलेल्यालाही वाटावं, हा आपल्यालाच हसला. (मला मेलीला पहिली चिंता पडली ती त्या पांढऱ्या कोटाची. रोज रात्री घामानं चिंब होणारा तो कोट कोण धुवत असेल?) क्लबातला कार्यक्रम रेडिओवरून प्रक्षेपित व्हायचा, आणि रेडिओला काही दारावर पहारेकरी नव्हता. ज्यांना क्लबात पाऊल टाकता येत नव्हतं, त्यांच्याही घरात कॅब कॅलोवेचा आवाज जाऊन पोचला.

१९३१च्या मार्च महिन्यात त्यानं एक गाणं ध्वनिमुद्रित केलं. ‘मिनी द मूचर’. त्याच्या दहा लाखांवर प्रती खपल्या. गाणं सोज्वळ नाही बरं का! मिनी नावाची एक वाया गेलेली पोर, मागून-मागून जगणारी, तिला नादी लावणारा एक व्यसनी पुरुष, आणि तिची श्रीमंतीची स्वप्नं. अफू-कोकेनचे उल्लेख त्या वेळच्या चोरट्या बोलीत असल्यामुळे निम्म्या श्रोत्यांना ते कळतही नसत. चाल मात्र आनंदी नाही. कोमल स्वरांची, उदास, कुठे तरी अंत्ययात्रेची आठवण करून देणारी. माझ्या मनात नेहमी येतं, की सगळं सभागृह हसत-गात असताना त्या मिनीची कीव करणारं तिथे कुणी असेल का? पण चाल ज्यानं बांधली त्याला ती कळली होती, असं ऐकताना जाणवतं. नाही तर इतकी उदास चाल त्यानं कशाला लावली असती?

आता या गाण्यातली खरी करामत ऐका. कडवं संपलं की कॅब एक निरर्थक ओळ फेकायचा, ‘हाय-डी-हो’च्या जातीची. वादक ती परत म्हणायचे. मग प्रेक्षकांनी म्हणायची. पोवाड्यात शाहिरानं ओळ टाकावी आणि झीलकऱ्यांनी ती उचलावी, तसंच. फक्त इथे झीलकरी म्हणजे अख्खं सभागृह! पहिली ओळ सोपी, शेंबड्या पोरालाही यावी अशी. दुसरी जरा लांब. तिसरी लांब आणि वळणाची. चौथी इतकी झरझर आणि इतकी वेडीवाकडी, की लोक अर्ध्यातच गडबडायचे आणि हसण्याचा स्फोट व्हायचा. कॅब सांगायचा, की एकदा रेडिओवर गाताना शब्द आठवेनात, तेव्हा वेळ मारून न्यायला हे ‘हाय-डी-हो’ सुचलं. खरं असो वा रचलेलं, गोष्ट छान आहे. पुढे ‘हाय-डी-हो’वाला हेच त्याचं नाव पडलं.

मी हे ऐकलं की मला नेहमी कॉटन क्लबातली ती टेबलं दिसतात. ज्यांच्या शेजारच्या खुर्चीवर याला बसता येत नव्हतं, ते सगळे परीटघडीचे गोरे साहेब आणि त्यांच्या मडमा याच्या छडीच्या इशाऱ्यावर, हा म्हणेल ते, हा म्हणेल तेव्हा, शाळकरी मुलांसारखे घोकत होते. भाषण नाही, निषेध नाही; सगळा हसतखेळत मामला. पण मी शाळेत अर्धवेळ शिकवते, आणि चाळीस तोंडं एका वेळी उघडवणं म्हणजे काय असतं, ते मला विचारा! दटावून होतं ते, पण फार थोडं. समोरच्याला आधी सोपं देऊन धीर आणायचा, मग हळूच अवघडात न्यायचं आणि चुकला की त्याला लाज न वाटता हसू यावं अशी तजवीज करायची, हे फार थोड्यांना साधतं.

नाचाविषयीही असंच. तो काही शिकलेला नर्तक नव्हता. पण अंग रबराचं. कमरेतून वाकायचा, भोवऱ्यासारखा फिरायचा, आणि मग पाय पुढे चालतायत असं वाटत असताना चक्क मागे घसरत जायचा. १९८३ साली मायकेल जॅक्सननं तसं केलं तेव्हा जग थक्क झालं. म्हातारा कॅब म्हणाला, हे आम्ही १९३०च्या सुमाराला करत होतो, तेव्हा त्याला दुसरं नाव होतं इतकंच. पुरावा हवा असेल तर व्यंगपटांत आहे. बेटी बूप नावाची मोठ्या डोळ्यांची बाहुली तुम्ही चित्रांत पाहिली असेल. तिच्या तीन बोलपटांत, १९३२ आणि १९३३ साली, कॅबचा आवाज आहे, आणि नुसता आवाज नव्हे. आधी त्याचा खराखुरा नाच चित्रित करायचा आणि मग एकेका चौकटीवरून रेषा गिरवून चित्र काढायचं, अशी युक्ती त्या चित्रकारांनी केली. त्यामुळे पहिल्या व्यंगपटात एका गुहेत एक भुताटकी वॉलरस नाचतो, तो शरीरानं समुद्रातला प्राणी आणि चालीनं शंभर टक्के कॅब कॅलोवे. त्याच व्यंगपटाच्या सुरुवातीला तो स्वतः बँडपुढे डोलताना दिसतो. त्याचं आज उपलब्ध असलेलं सर्वांत जुनं चित्रण ते हेच, असं मानतात.

एवढा मोठा ताफा चालवणं हा एक संसारच. त्यातून अमेरिकेचा दक्षिण भाग म्हणजे मोठं दुखणं. तिथे कृष्णवर्णीयांना गोऱ्यांच्या हॉटेलात खोली नाही, खाणावळीत जेवण नाही. हजारो लोकांकडून टाळ्या घ्यायच्या आणि मध्यरात्री पोटात भूक घेऊन निजायला जागा शोधत हिंडायचं. कॅबनं यावर उपाय केला तो एखाद्या कर्त्या पुरुषासारखा: आपल्या बँडसाठी रेल्वेचा स्वतंत्र शयनयान डबाच भाड्यानं घेतला. त्यातच झोपायचं, त्यातच कपडे, वाद्यं आणि सामान. पगार चांगला, गणवेश झकास, पण वेळेची आणि वागणुकीची शिस्त कडक. म्हणूनच मिल्ट हिंटनसारखा बासवादक १९३६ पासून पंधराएक वर्षं त्याच्याजवळ टिकला. या हिंटनला छायाचित्रांचा छंद होता. डब्यात झोपलेले वादक, फलाटावरचे वादक, ‘कृष्णवर्णीयांसाठी वेगळं दार’ अशा पाट्यांखाली उभे असलेले सुटाबुटातले वादक, असं सगळं त्यानं टिपून ठेवलं. ती छायाचित्रं पाहिलीत तर त्या पांढऱ्या कोटाची दुसरी बाजू तुम्हांला दिसेल.

डबा भाड्यानं घेता येतो, पण रस्त्यावर तर उतरावंच लागतं. १९४५ साली कॅन्सस सिटीत एका नाचघरात लायोनेल हॅम्प्टन या मित्राच्या निमंत्रणावरून तो गेला, तर त्याला दारातच अडवलं, आणि वादावादी होताच पोलिसानं पिस्तुलाच्या दस्त्यानं त्याचं डोकं फोडलं. टाके पडले. वर खटलाही यांच्यावरच. तो पुढे निकालात निघाला. आत वाजवत असलेल्या हॅम्प्टननं हे कळल्यावर कार्यक्रम पुढे चालवायला नकार दिला. म्हणजे देशभर नाव असलेल्या माणसाची ही गत! बिननावाच्यांचं काय होत असेल?

तो देवमाणूस होता असं मी म्हणणार नाही. तापट होता, जुगारी होता. डिझी गिलेस्पी, जो पुढे जॅझमधला फार मोठा माणूस झाला, तो तरुणपणी याच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचा. काही तरी नवंच, वेडंवाकडं वाजवायचा, आणि कॅबला ते बिलकूल आवडत नसे. १९४१ साली चालू कार्यक्रमात कुणी तरी थुंकीनं भिजवलेला कागदाचा बोळा रंगमंचावर फेकला. कॅबनं ठरवूनच टाकलं, की हा डिझीचाच उपद्व्याप. बाचाबाची झाली, डिझीनं चाकू काढला, कॅबच्या मांडीला जखम झाली आणि डिझीची नोकरी गेली. बोळा फेकणारा दुसराच होता! प्रत्येक शाळेतल्या वर्गात अशी एक केस असते. नेहमीच्या खोडकर मुलावरच पहिला संशय जातो. पुढे दोघांचा समेट झाला हे बरं.

आणि एक काम मला भाषेची शिक्षिका म्हणून फार आवडतं. १९३८ साली कॅबनं हार्लेमच्या बोलीचा एक छोटेखानी शब्दकोश छापला. बँडवाले, नाचणारे, गल्लीतले लोक आपसात जे शब्द वापरत, त्यांचे अर्थ त्यात दिलेले. ‘कॅट’ म्हणजे मांजर नव्हे, वाजवणारा गडी, असं सगळं. ज्या बोलीला शिकलेले लोक नाकं मुरडत, तिला त्यानं छापील पान दिलं. आपल्या वर्गात एखादं मूल घरची अहिराणी किंवा वऱ्हाडी बोललं की बाकीची पोरं फिदीफिदी हसतात, तेव्हा मला या पुस्तिकेची आठवण येते.

तर आता ब्लँचताईकडे येऊ. भाऊ कॉटन क्लबात झळकत होता, त्याच १९३१ साली ताईनंही स्वतःचा बँड उभा केला. नाव ‘जॉय बॉइज’. सगळे वादक पुरुष, आणि छडी हातात घेऊन त्यांच्यापुढे उभी एक बाई! पुरुषांचा वाद्यवृंद चालवणारी अमेरिकेतली पहिली बाई म्हणून तिचं नाव घेतात. आणि वादक कसे? बेन वेब्स्टर, कोझी कोल, व्हिक डिकन्सन. जॅझच्या इतिहासात ज्यांची नावं आदरानं घेतली जातात, असे. माणसं पारखण्याची नजर तिला होती, गळा होता, नाच होता, रूप होतं. मग कमी काय पडलं?

रेडिओचे आणि मोठ्या क्लबांचे करार ज्यांच्या हातात होते, ते गोरे पुरुष. त्यांना एकच कॅलोवे पुरेसा होता. ताईनं पुढे जाऊन दार उघडलं, त्यातून भाऊ आत गेला, आणि नंतर लोक ताईलाच विचारू लागले, ‘तुम्ही कॅबच्या बहीण ना?’ आपल्या ओळखीचंच आहे हे, नाही का?

आणि मग १९३६ साल. मिसिसिपी राज्यात बँड दौऱ्यावर असताना एका पेट्रोल पंपावरच्या स्त्रियांच्या संडासात ब्लँच गेली. गुन्हा एवढाच. ते गोऱ्या बायकांसाठी होतं. तिला पकडून तुरुंगात टाकलं. ती आत असताना बँडमधलाच एकजण सगळे पैसे घेऊन पसार झाला. त्या परक्या, वैरी गावातून बाहेर पडायला तिनं आपली पिवळी कॅडिलॅक मोटार विकली. एस.टी.च्या लांबच्या प्रवासात स्वच्छतागृह मिळेपर्यंत जीव मुठीत धरून बसलेल्या माझ्या मैत्रिणींना मी याहून जास्त काही सांगायला नको. पुरुष वादकांना झाडामागे जाता येत होतं. दोनच वर्षांत, १९३८ साली, तिचं दिवाळं निघालं आणि बँड संपला.

मात्र बाई संपली नाही. तिनं वॉशिंग्टनमध्ये क्लब चालवला, तिथे रूथ ब्राउन या तरुण गायिकेचे गुण हेरले आणि तिचा कारभार सांभाळून तिला पुढे आणलं. नंतर फ्लोरिडात मायामीला रेडिओवर निवेदिका झाली, आणि कृष्णवर्णीय स्त्रिया त्या जागी तेव्हा दिसतच नव्हत्या. साठी ओलांडल्यावर, १९६८ साली, कृष्णवर्णीय बायकांसाठी सौंदर्यप्रसाधनं टपालानं पुरवण्याचा धंदा काढला. कॉटन क्लबात जिथे उजळ कातडी बघून मुली निवडत, त्याच देशात! १९७८ साली कर्करोगानं ती गेली, बाल्टिमोरलाच.

भावाचं उरलेलं आयुष्य थोडक्यात सांगते. मोठ्या बँडांचे दिवस दुसऱ्या महायुद्धानंतर ओसरले, त्यानंही ताफा मोडला. मग तो नाटकांकडे वळला. १९५२ पासून ‘पोर्गी अँड बेस’ या संगीतिकेत त्यानं एका छचोर, गोडबोल्या माणसाची भूमिका केली. १९६७ साली पर्ल बेलीबरोबर ‘हॅलो, डॉली!’ केलं, त्यात सगळेच कलावंत कृष्णवर्णीय होते. आणि १९८० साली, वय वर्षं बहात्तर, ‘द ब्लूज ब्रदर्स’ या चित्रपटात त्यानं पुन्हा मिनीचं गाणं म्हटलं. तोपर्यंत डिस्कोचा जमाना आला होता आणि त्याला ते गाणं नव्या डिस्को थाटात म्हणायचं होतं. दिग्दर्शकानं हट्ट धरला की जुनंच, १९३१ सालचंच हवं. दिग्दर्शकाचं बरोबर होतं. चित्रपटात तो एका अनाथालयाचा साधा रखवालदार असतो, आणि बघता बघता पांढऱ्या टेलकोटात पडद्याबाहेर येतो. नव्या पोरांना त्याचं नावही ठाऊक नव्हतं, तरी ती त्याच्यामागून ओरडू लागली. १९९० साली मायकेल जॅक्सनच्या बहिणीनं, जॅनेटनं, आपल्या एका गाण्याच्या चित्रफितीत त्याला मानानं बोलावलं. १९९३ साली राष्ट्रीय कलापदक मिळालं, आणि १९९४च्या नोव्हेंबरात, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी तो वारला.

हे सगळं आता घरबसल्या पाहायला मिळतं, फोनवर नाव घातलं की झालं. माझं ऐकाल तर सुरुवात १९४३ सालच्या ‘स्टॉर्मी वेदर’पासून करा. त्यात शेवटाकडे कॅब गातो, आणि निकोलस बंधू नावाचे दोन भाऊ टेबलांवरून, पियानोवरून, मग एकमेकांच्या डोक्यांवरून उड्या घेत एका भल्यामोठ्या जिन्यानं पाय फाकून उतरतात. पोळ्या करताना लावू नका, पोळी करपेल. बेटी बूपचा व्यंगपट मुलांना दाखवण्याआधी एकदा स्वतः पाहून घ्या. त्यातली भुतं लहानग्यांना रात्री त्रास देतील अशी आहेत, आणि काही गोष्टी समजावून सांगायलाही अवघड जातील.

नंतर एखाद्या निवांत दुपारी ब्लँच कॅलोवेच्या १९३१ सालच्या ध्वनिमुद्रिका शोधा. त्यांत ‘ग्राउलिन डॅन’ नावाचं एक गाणं आहे. खरखर पुष्कळ आहे, बँडचा आवाज मागून दबून येतो. पण ती हुंकारते, गुरगुरते, हसते, ओळ फेकते आणि पुरुषांचा तो सगळा ताफा तिच्यामागून ती ओळ उचलतो. चित्र नाही, नुसता आवाज आहे. तरीही ही बाई उभी कशी असेल, मान कशी फेकत असेल, ते दिसतं.